लाइपझिगच्या चार गाठी

१७ डिसेंबर १८७७. सकाळी अकराच्या सुमारास लाइपझिग विद्यापीठातले खगोलभौतिकीचे प्राध्यापक योहान कार्ल फ्रीडरिश झोल्नर टेबलाशी बसले, तेव्हा त्यांच्या गळ्यात एक बारीक नवी सुतळी होती. आदल्या संध्याकाळी अशा चार सुतळ्या तयार झाल्या होत्या. प्रत्येकीची दोन टोकं एकत्र बांधून कागदाच्या तुकड्यावर लाखेनं चिकटवलेली आणि त्यावर मोहोर उठवलेली. म्हणजे सुतळीचं बंद कडं झालेलं, मोकळं टोक कुठेच नाही. त्यांतली एक निवडून, ती नजरेआड होऊ नये म्हणून झोल्नरांनी गळ्यात घातली होती. बसल्यावर मोहोर केलेला भाग त्यांनी टेबलावर ठेवला, दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला आणि उरलेली सुतळी टेबलाच्या कडेवरून मांडीवर सोडली. शेजारी हेन्री स्लेड नावाचा अमेरिकन माणूस बसला होता. थोड्या वेळानं सुतळी वर घेऊन पाहिली तर तिच्यावर चार गाठी होत्या. मोहोर जशीच्या तशी.

बंद कड्याला गाठ मारता येत नाही. निदान आपल्या जगात येत नाही. झोल्नरांनी त्यावरून जे ठरवलं ते असं, की गाठी आपल्या जगात मारल्याच गेल्या नव्हत्या. लांबी, रुंदी, उंची यांच्यापलीकडे अवकाशाला चौथी मिती आहे, तिथे बुद्धी असलेले जीव राहतात आणि त्यांनी तिथून हात घालून हे काम केलं.

माणूस भोळसट होता म्हणावं तर तसंही नाही. ताऱ्यांचं तेज मोजण्याचं उपकरण त्यांनी बनवलं होतं आणि ते वेधशाळांमधून वापरात होतं. १८६० मध्ये त्यांनी एक दृष्टिभ्रम प्रसिद्ध केला होता. समांतर रेघांवर बारक्या तिरक्या रेघा मारल्या की त्या समांतर रेघा वाकड्या दिसू लागतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही त्यांच्याच नावानं छापतात. डोळे कसे फसतात हे ज्यानं जगाला दाखवलं तोच पुढे फसला, यात गंमत आहे खरी, पण तेवढ्यावर ही हकीकत निकालात काढता येत नाही.

त्या काळात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली तार. गॉटिंगेनमध्ये १८३३ साली कार्ल गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी गावाच्या घरांवरून तार ओढून एकमेकांना निरोप धाडले होते. पुढच्या चाळीस वर्षांत समुद्राच्या तळातून निरोप जाऊ लागले. न दिसणारी शक्ती शब्द वाहून नेते, हे रोजच्या व्यवहारातलं झालं होतं. दुसरी गोष्ट अमेरिकेतून आलेली. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स घराण्यातल्या मुलींच्या घरी भिंतींवर ठोके ऐकू येऊ लागले. मेलेला माणूस ठोक्यांतून उत्तरं देतो अशी वदंता पसरली आणि पाहता पाहता परलोकाशी बोलण्याचा धंदाच उभा राहिला. यात बोलावणं पाठवणाऱ्या मध्यस्थाला 'माध्यम' म्हणत. स्लेड त्यांतलाच.

तिसरी गोष्ट भूमितीतली. बर्नहार्ड रीमान यांनी १८५४ मध्ये गॉटिंगेनला दिलेलं व्याख्यान त्यांच्या मृत्यूनंतर १८६८ मध्ये छापून आलं. अवकाशाला किती मिती असतात हे आधीपासून गृहीत धरायचं कारण नाही, असा त्याचा रोख होता. हेर्मान हेल्महोल्त्स यांनी तो विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. केवळ पृष्ठभागावर राहणारे, जाडी नसलेले जीव असते तर त्यांना उंचीची कल्पनाच आली नसती, असं ते सांगत. रांगोळीच्या वर्तुळात मणी ठेवला तर त्या चपट्या जीवांच्या दृष्टीनं तो कैदेत आहे. आपण मात्र रेघेला धक्का न लावता तो वरून उचलतो. मग आपल्या कुलूपबंद पेटीतली वस्तू कुणी चौथ्या बाजूनं का उचलू नये? फेलिक्स क्लाइन या तरुण गणितज्ञानं तर दाखवून दिलं होतं, की चार मिती असलेल्या अवकाशात बंद दोरीवरची गाठ दोरी न तोडता सुटते. हे आपण झोल्नरांना बोललो आणि त्यांनी ते भलत्याच उत्साहानं उचललं, असं क्लाइन यांनी पुढे नमूद केलं आहे.

गणितात एखादी गोष्ट शक्य आहे म्हणून ती जगात घडतेच असं नाही. ही पायरी झोल्नरांनी ओलांडली, आणि ती ओलांडायला निमित्त झाला स्लेड.

स्लेड लाइपझिगला आला तो लंडनहून पळ काढून. त्याचा खास प्रयोग पाटीचा. कोरी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा टेबलाखाली धरायचा, खरखर आवाज यायचा आणि पाटीवर मृतात्म्याचा मजकूर उमटायचा. सप्टेंबर १८७६ मध्ये रे लँकेस्टर हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ एका डॉक्टर मित्राला घेऊन बैठकीला गेले. आत्म्याला लिहायची वेळ देण्याआधीच त्यांनी पाटी हिसकावून घेतली. मजकूर तयार होता. बो स्ट्रीटच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि लंडनची वर्तमानपत्रं त्यानं भरून गेली. पाटीच्या युक्त्या कशा करतात ते मॅस्केलाइन या जादूगारानं साक्षीत सांगितलं. बचावाच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले आल्फ्रेड रसेल वॉलेस, म्हणजे नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीनं मांडणारे. खुद्द डार्विननं फिर्यादी पक्षाच्या खर्चाला दहा पौंड पाठवले. उत्क्रांतीचे दोन शिल्पकार एका पाटीवरून समोरासमोर आले म्हणायचे! स्लेडला तीन महिने सक्तमजुरी झाली. अपिलात शिक्षा रद्द झाली ती निर्दोष म्हणून नव्हे, आरोपपत्रात कायद्यातले काही शब्द राहून गेले म्हणून. पुन्हा खटला भरला जाण्याआधी तो युरोपात निसटला.

या माणसाचा धागा मुंबईपर्यंतही पोचतो. लंडनला तो थांबला होता रशियाला जाता जाता. सेंट पीटर्सबर्गमधल्या अभ्यासकांना तपासायला एक माध्यम हवं होतं, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची निवड केली होती थिऑसॉफिकल सोसायटीच्या कर्नल ऑल्कट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी. हीच जोडी फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरली, गिरगावात बिऱ्हाड थाटलं आणि ऑक्टोबरपासून 'द थिऑसॉफिस्ट' मासिक काढू लागली. झोल्नरांच्या या प्रयोगांवरच्या ग्रंथाचं १८८० मध्ये इंग्रजी भाषांतर करणारे चार्ल्स मॅसी हेही थिऑसॉफिकल सोसायटीच्या ब्रिटिश शाखेचे पहिले अध्यक्ष. म्हणजे लाइपझिगच्या गाठी, त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि गिरगावातलं मासिक अशी ही सगळी एकाच ओळखीपाळखीतली मंडळी.

लाइपझिगमध्ये झोल्नरांनी आपल्या बाजूला बसवलेली माणसं पाहिली म्हणजे दडपण येतं. तारेवरून निरोप पाठवणारे ते विल्हेल्म वेबर, आता वय ७३. गणितज्ञ शाइब्नर. आणि गुस्ताव फेक्नर, वय ७६. फेक्नर हे या कथेतलं मला सर्वांत आवडणारं पात्र. संवेदना मोजता येते, मन आणि पदार्थ यांच्यातलं नातं आकड्यांत बसवता येतं, या हट्टापायी त्यांनी १८६० मध्ये एक नवं शास्त्रच उभं केलं. तरुणपणी रंगीत काचांतून सूर्याकडे पाहत दृष्टीचे प्रयोग केले आणि डोळे इतके बिघडवून घेतले की काही वर्षं अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. शिवाय चौथ्या मितीवर त्यांनी टोपणनावानं १८४६ मध्येच एक निबंध लिहिला होता, पण तो चक्क थट्टेचा. तीस वर्षांनी त्यांच्यासमोर तीच थट्टा गंभीर चेहऱ्यानं मांडली जात होती.

झोल्नरांनी आणखी चाचण्या आखल्या, आणि त्या आखण्यात ते खरंच हुशार होते. दोन वेगवेगळ्या लाकडांच्या, एकसंध कातलेल्या कड्या त्यांनी ठेवल्या. त्या एकमेकींत अडकल्या असत्या तर लबाडीला वावच उरला नसता, कारण कापल्या-जोडल्याची खूण लाकडावर राहतेच. ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवणारं टार्टारिक आम्ल ठेवलं. चौथ्या मितीतून उलटून आलं तर ते प्रकाश डावीकडे वळवेल, जसा उजव्या हाताचा मोजा उलटा केला की डाव्या हाताला बसतो. या चाचण्यांतून मागितलेलं काहीच मिळालं नाही. आम्ल होतं तसंच राहिलं. कड्या एकमेकींत अडकल्या नाहीत, त्या एका छोट्या तिवईच्या पायात सापडल्या. झोल्नरांना हा अधिकच मोठा चमत्कार वाटला. हातचलाखी करणाऱ्याला जमेल ते होतं आणि जमणार नाही ते होत नाही, हा साधा हिशेब त्यांनी मांडला नाही.

तो मांडला विल्हेल्म वुन्ट यांनी. वुन्टही लाइपझिगचेच प्राध्यापक, स्लेडच्या एका बैठकीला हजर राहिलेले. १८७९ मध्ये त्यांनी एका तत्त्वज्ञाला उद्देशून खुलं पत्र छापलं. त्यातला मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. निसर्गाचा अभ्यास करणारा माणूस तपासायच्या वस्तूवर विश्वास टाकून चालतो. तारा खोटं बोलत नाही, विजेचा प्रवाह मुद्दाम फसवत नाही. त्यामुळे ज्याचं आयुष्य ताऱ्यांत गेलं तो लबाड माणसासमोर इतरांपेक्षा जास्त निराधार असतो. तिथे अधिकार जादूगाराचा. वुन्ट यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली होती. पाटीवर आत्म्यानं लिहिलेलं जर्मन अशुद्ध होतं, इंग्रजी बोलणाऱ्यानं लिहावं तसं.

त्याच वर्षी वुन्ट यांनी लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. मानसशास्त्र हे स्वतंत्र विज्ञान तिथून सुरू झालं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मन तपासण्याचे दोन मार्ग एकाच गावात, एकाच विद्यापीठात, जवळजवळ एकाच वेळी फुटले. एकानं परलोकाची वाट धरली, दुसरा घड्याळ घेऊन प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजत बसला.

झोल्नर १८८२ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी गेले. शेवटची वर्षं हेल्महोल्त्सपासून सगळ्यांशी भांडण्यात गेली. चार वर्षांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं नेमलेल्या चौकशी मंडळाचे सदस्य जॉर्ज फुलर्टन जर्मनीला आले आणि हयात असलेल्या साक्षीदारांना एकेक करून भेटले. मोतीबिंदूमुळे फेक्नरना स्लेडच्या बैठकींच्या वेळी धड दिसत नव्हतं. शाइब्नरांची दृष्टी अधू होती. वेबर वयोवृद्ध, आणि हातचलाखीची काहीच माहिती नसलेले. झोल्नरांचं मन त्या काळात ताळ्यावर नव्हतं असंही फुलर्टनना ऐकायला मिळालं. यातलं शेवटचं मी फारसं मनावर घेत नाही. हरलेल्याला वेडा ठरवणं सोयीचं असतं. सुतळीची अदलाबदल व्हायला वेड्या प्राध्यापकाची गरज नाही, विश्वास ठेवणारा पुरतो.

चौथी मिती मात्र स्लेडबरोबर बुडाली नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स हॉवर्ड हिंटन हा शाळामास्तर १८८० पासून तिच्यावर लिहू लागला. रंगीत लाकडी ठोकळे रचून, त्यांची जागा पाठ करून मनाला चौथी दिशा पाहायला शिकवता येते, असा त्याचा दावा. चार मितींच्या घनाला 'टेसरॅक्ट' हे नाव त्याचंच. दोन लग्नं केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, देश सोडावा लागला आणि पुढे प्रिन्स्टनमध्ये त्यानं बेसबॉलचा चेंडू फेकणारी तोफ बनवली. पण त्याचे ठोकळे पाहून त्याची मेहुणी ॲलिशिया बूल, जिचं गणिताचं रीतसर शिक्षण झालं नव्हतं, ती खरोखरच चार मितींतल्या आकृत्या डोळ्यांपुढे आणू लागली. त्यांचे तीन मितींतले छेद तिनं पुठ्ठ्यात बनवले. १९१४ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली. साऱ्या गोंधळातून हाती लागलेलं निखळ गणित ते हे.

मनोवाचनाची इच्छाही तशीच दुसऱ्या वाटेनं पुढे गेली. १८८२ मध्ये लंडनमध्ये परामानस संशोधनासाठी एक संस्था निघाली आणि दूरसंवेदन, म्हणजे एका मनातलं इंद्रियांच्या मदतीशिवाय दुसऱ्या मनात उतरणं, हा तिचा मुख्य विषय झाला. याच संस्थेनं रिचर्ड हॉजसनना ब्लाव्हाट्स्कीबाईंचे चमत्कार तपासायला हिंदुस्थानात पाठवलं होतं. १८८५ मधला त्यांचा अहवाल बाईंना फसवी ठरवणारा निघाला.

त्यानंतर सात वर्षांनी जर्मनीत वुर्झबुर्गला लष्करी कवायत चालू असताना एका १९ वर्षांच्या मुलाचा घोडा उधळला आणि तो तोफेच्या चाकासमोर पडला. चाक अगदी वेळेवर थांबलं. संध्याकाळी वडिलांची तार आली, तू बरा आहेस ना? त्याच्या बहिणीला घरी बसल्या जागी वाटलं होतं की भावाला काहीतरी झालं, आणि तिनं वडिलांना तार करायला लावली होती. मुलाचं नाव हान्स बेर्गर. खगोलशास्त्र शिकायचं म्हणत होता, तो येनाला वैद्यक शिकून मनोविकारतज्ज्ञ झाला. मरणाच्या भीतीनं आपल्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडलं आणि बहिणीपर्यंत पोचलं, या समजुतीनं त्याला जन्मभर सोडलं नाही. फेक्नर यांचाच हट्ट, मन आणि पदार्थ एका हिशेबात बसवायचा. मेंदूतून बाहेर पडणाऱ्या त्या गोष्टीला बेर्गर 'मानसिक ऊर्जा' म्हणायचे. आधी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, मग मेंदूचं तापमान. हाती काही लागेना. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच ससे आणि माकडांच्या मेंदूत विजेचे क्षीण प्रवाह पाहिले होते. शेवटी बेर्गर त्या वाटेला वळले.

६ जुलै १९२४ रोजी, कवटी उघडून शस्त्रक्रिया केलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतून तारेच्या गॅल्व्हानोमीटरवर त्यांना हलती रेघ मिळाली. ती मेंदूची आहे, की नाडीची, की हालचालीची? खात्री करण्यात पाच वर्षं गेली. स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावरून त्यांनी पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. १९२९ मध्ये लेख छापला. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला सुमारे दहा लहरी, डोळे उघडले की त्या मावळतात. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला नोबेल विजेते एडगर ॲड्रियन यांनी स्वतःच्याच डोक्याला विजाग्रं लावून सहकारी मॅथ्यूज यांच्यासह तेच दाखवलं, आणि मग जगाला ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, पटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांच्या लहरींचा ठरावीक आकार सापडला.

झोल्नर आणि बेर्गर यांच्यातला फरक बुद्धीचा नव्हता. बेर्गरना हवं होतं दूरसंवेदन आणि मिळाल्या लहरी, आणि या लहरी इतक्या दुबळ्या आहेत की त्या बहिणीपर्यंत पोचणार नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. दूरसंवेदनावरची श्रद्धा सोडली नाही, पण ती नोंदीत मिसळली नाही. माणूस म्हणून मात्र त्यांना उजळ माथ्यानं सोडता येत नाही. नाझी काळात सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या न्यायालयात त्यांनी काम केलं, हे आता कागदपत्रांतून पुढे आलं आहे. १ जून १९४१ रोजी त्यांनी येनामध्ये गळफास घेतला.

त्यांच्या लहरी महाराष्ट्रात दवाखान्यांमार्फत आल्या, तशा पुण्याच्या सत्र न्यायालयातही पोचल्या. जून २००८ मध्ये प्रसादातून आर्सेनिक देऊन खून केल्याच्या खटल्यात एका तरुणीला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप झाली. निकालातला एक आधार होता 'बीईओएस' नावाच्या चाचणीचा. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पूर्वी काम केलेले बंगळुरूचे संशोधक चंपाडी रमण मुकुंदन यांनी ती विकसित केली होती. संशयिताच्या डोक्यावर ३२ विजाग्रांची टोपी, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द काढायचा नाही. समोरून वाक्यं ऐकवली जातात, 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशी प्रथमपुरुषी, आणि मधूनमधून 'आकाश निळं असतं' अशी निरुपद्रवी. मेंदूच्या लहरींतून संगणक ठरवतो की हा प्रसंग यानं नुसता ऐकलेला आहे की अनुभवलेला. पोलिसांची कहाणी पोलिसांच्याच शब्दांत ऐकवायची आणि आरोपीच्या कवटीतून होकार घ्यायचा, असा हा प्रकार. खरा अनुभव आणि आठवडेच्या आठवडे चौकशीत ऐकून डोक्यात बसलेली गोष्ट यांच्यातला फरक लहर सांगते का, याचं स्वतंत्र संशोधकांनी तपासलेलं उत्तर उपलब्ध नव्हतं. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंही ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे आरोपींना मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला.

इथेही वुन्ट यांचा प्रश्न तसाच उभा राहतो, फक्त उलटा. लाइपझिगमध्ये फसवणारा माणूस होता आणि तपासणारा शास्त्रज्ञ. पुण्यात उपकरण खरं, लहरी खऱ्या, बेर्गरपासूनची परंपराही खरी. शंका होती ती लहरीचा अर्थ सांगणाऱ्या संगणकाबद्दल, आणि त्याची उलटतपासणी घ्यायला बचावाच्या वकिलाकडे साधन नव्हतं.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कुणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. तशी केली तर राज्यघटनेच्या कलम २० (३) नं दिलेला, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क मोडतो. चाचणीवर सरसकट बंदी मात्र न्यायालयानं घातली नाही. संशयित राजी असेल तर ती होऊ शकते, पण त्याची संमती वकिलाच्या उपस्थितीत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. म्हणजे डोक्यावर टोपी चढवण्याआधी माणसाला तोंडानं विचारावं लागतं, आणि त्याचं तोंडी उत्तर खरं मानावं लागतं.